आकड्याचं माहेर

गेल्या रविवारी तू जेवायला आलीस ती लॅपटॉप उघडूनच. "मावशी, नायजेरियाने कमाल केली बघ. २०२० च्या अखेरीस बेरोजगारी ३३.३ टक्के आणि २०२२ च्या अखेरीस ५.३. दोन वर्षांत! मी यावर आख्खं प्रकरण लिहितेय." पानं वाढून झाली होती, म्हणून तेव्हा मी एवढंच म्हटलं, की हात धुतलेस की त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाचा अहवाल उघड आणि पद्धतीचं पान वाच. वाचलंस आणि तुझा चेहरा उतरला. तिथे आधी आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस बेरोजगार धरत होते. नव्या पद्धतीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरू लागले. लोक तेच, बाजार तोच. बदलला होता तो विचारलेला प्रश्न आणि उत्तर मांडायचा रकाना.

तेव्हापासून मनात आहे, तुला हे सगळं एकदा नीट लिहून द्यावं. चौतीस वर्षं मी अर्थशास्त्राच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळला. टेबलापलीकडे बसलेल्या कितीतरी मुलामुलींना जे तोंडी सांगत आले, तेच हे. सगळ्याचं सार एका वाक्यात सांगते, ते आधी मनात ठेव: प्रत्येक आकड्याला माहेर असतं. कुठल्या तरी दारात उभं राहून कुणीतरी कुणाला तरी एक प्रश्न विचारला, तिथे तो जन्मला. तुझ्या पडद्यावर येईपर्यंत तो तीन-चार घरं फिरून आलेला असतो. त्याच्या माहेरी जाऊन आल्याशिवाय त्याच्याबद्दल एक ओळही लिहू नकोस.

आधी कागदावर प्रश्न लिही

संकेतस्थळ उघडण्याआधी वहीत पाच गोष्टी लिही. कोण, कुठे, केव्हा, काय मोजायचं आणि कशाने भागायचं. "विकसनशील देशांतले बेरोजगार तरुण" हा झाला विषय. त्यावरून आकडा शोधता येत नाही. तरुण म्हणजे कोण? आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुधा १५ ते २४ वयाचे, आपल्याकडच्या अहवालांत १५ ते २९. अमेरिकेत तर श्रमशक्तीची गणतीच १६ व्या वर्षापासून सुरू होते. या पाच गोष्टी ठरल्या की शोध अर्धा झाला समज.

कोणत्या घरी काय मिळतं

कामगार आणि रोजगार म्हटलं की पहिलं दार जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, म्हणजे आयएलओचं. १९१९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिचा आयएलओस्टॅट हा डेटाबेस श्रमबाजारासाठी मुख्य. रोजगार, बेरोजगारी, कामाचे तास, वेतन, अनौपचारिक काम, संप, सगळं तिथे आहे.

जागतिक बँकेचा विकास निर्देशांकांचा संग्रह सगळ्यात सोपा, म्हणून सगळे तिथेच जातात. २०१० पासून तो सर्वांना मोफत आहे. पण ते गोळा करून मांडणाऱ्याचं दुकान आहे. तिथला बेरोजगारीचा दर आयएलओकडूनच आलेला असतो. देशांची चटकन ओळख करून घ्यायला तिथे जा, प्रबंधातल्या मुख्य तक्त्यासाठी मूळ घरी.

नाणेनिधीचं 'वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक' एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं. वाढ, महागाई, सरकारी कर्ज, चालू खातं यांसाठी ते चांगलं. पण त्यात पुढच्या पाच वर्षांचे अंदाजही त्याच ओळीत छापलेले असतात. प्रत्येक देशापुढे अंदाज कोणत्या वर्षानंतर सुरू झाले ते लिहिलेलं असतं. तो रकाना फाइलमधून कधीही काढून टाकू नकोस.

श्रीमंत देशांच्या तुलनेसाठी ओईसीडी. त्यांचे ३८ सदस्य, भारत त्यांत नाही, तरी भारताचे बरेच आकडे तिथे सापडतात. जुलै २०२४ पासून त्यांची आकडेवारी आणि प्रकाशनं सर्वांना खुली झाली आहेत. युरोपसाठी लक्झेंबर्गचं युरोस्टॅट. व्यापारासाठी संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड, शेतीसाठी एफएओ. अमेरिकेचे आकडे त्यांच्या कामगार सांख्यिकी ब्युरोकडे, आणि झटपट आलेख हवा असेल तर सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेड'वर. शंभर-दोनशे वर्षं मागे जायचं असेल तर मॅडिसन प्रकल्प, आणि देशादेशांच्या उत्पादकतेची तुलना करायची असेल तर पेन वर्ल्ड टेबल. ही दोन्ही आता नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात सांभाळली जातात.

या सगळ्या घरांच्या मागे त्या त्या देशाचं सांख्यिकी कार्यालय असतं. शेवटचा दरवाजा तो. तिथपर्यंत पोचायचंच.

मोजलेलं कोणतं, अंदाजलेलं कोणतं

जागतिक बँकेच्या यादीत 'बेरोजगारी' शोधलंस की दोन ओळी दिसतील. एकीच्या शेवटी कंसात 'मॉडेल्ड आयएलओ एस्टिमेट', दुसरीच्या शेवटी 'नॅशनल एस्टिमेट'. नव्वद टक्के मुलं पहिली उचलतात, कारण तिच्यात एकही घर रिकामं नसतं. ते भरलेलं आहे हेच तपासायचं कारण आहे. ज्या वर्षी त्या देशात पाहणीच झाली नाही, त्या वर्षाचा आकडा तिथे गणिती प्रारूपाने भरलेला असतो.

अशा अंदाजांचं काम वेगळं आहे. जगात एकूण किती बेरोजगार, एखाद्या खंडात कल कुठे चालला आहे, हे सांगायला ते लागतात, आणि आयएलओ ते जबाबदारीने करते. पण तू एकेका देशाचं प्रतिगमन करणार आहेस. इथे मोठा धोका आहे. रिकामी वर्षं भरताना प्रारूपात जीडीपीसारखी चलं वापरलेली असतात. मग तू जीडीपीचा बेरोजगारीवर काय परिणाम होतो ते शोधायला बसशील, सुंदर संबंध सापडेल, आणि तो संबंध प्रारूप करणाऱ्याने आधीच आत घातलेला असेल. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना कर: 'मोजलेला' की 'अंदाजलेला'. ज्या देशाच्या वीस वर्षांत मोजलेले आकडे फक्त तीन, तो देश तुझ्या विश्लेषणात ठेवायचा की नाही, हे आधी ठरव.

व्याख्या वाच, आणि प्रश्नावलीही वाच

इथे जरा थांब. माझ्या मते सगळा अभ्यास इथे तरतो किंवा बुडतो.

बेरोजगार कुणाला म्हणायचं हे ठरवायला जगभरचे श्रम-सांख्यिकीतज्ज्ञ जिनिव्हात साधारण दर पाच वर्षांनी परिषद भरवतात. १९८२ च्या तेराव्या परिषदेने घालून दिलेली चौकट अनेक दशकं चालली: काम नाही, कामाला यायला तयार आहे आणि काम शोधतो आहे, या तिन्ही गोष्टी असतील तर बेरोजगार. आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी रोजगारात. २०१३ च्या एकोणिसाव्या परिषदेने मोठा बदल केला. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढाच रोजगार. फक्त घरात खायला धान्य पिकवणारा शेतकरी 'काम' करतो, पण 'रोजगारात' नाही. आता विचार कर. एका देशाने नवी व्याख्या घेतली, शेजाऱ्याने जुनीच ठेवली. पोटापुरती शेती जिथे जास्त, तिथे या एका फरकाने रोजगाराचा आकडा कुठल्या कुठे जातो. आयएलओस्टॅटवर तेराव्या आणि एकोणिसाव्या परिषदेच्या मालिका वेगळ्या दाखवलेल्या असतात. दोन्ही एका तक्त्यात मिसळू नकोस.

आता जर्मनी बघ. तिथे एकाच वेळी दोन दर जाहीर होतात. रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांचा दर २०२४ मध्ये सुमारे ६ टक्के होता. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पाहणीतून आलेला दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दोन्ही खरे. जर्मन कायद्यानुसार आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही बेरोजगार म्हणून नाव नोंदवू शकतो. पाहणीत मात्र एक तासही काम केलं की तो रोजगारात जातो. तू जर्मनीचा नोंदणीचा आकडा घेतलास आणि फ्रान्सचा पाहणीचा, तर तुझी तुलना पहिल्याच ओळीत चुकली.

आपल्याकडे हे शहाणपण फार आधी आलं होतं, ते तुला ठाऊक असावं. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० मध्ये सांगितलं, की आपल्यासारख्या देशात शेतमजूर, कारागीर, घरच्या शेतावर राबणारी माणसं आणि पगारदार यांना एका आकड्यात कोंबता येत नाही. तेव्हापासून राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशा वेगवेगळ्या मापांनी मोजू लागली. आजही श्रमशक्तीच्या नियतकालिक पाहणीचा, आपण पीएलएफएस म्हणतो तिचा, २०२३-२४ चा अहवाल उघड. १५ वर्षांवरच्यांत नेहमीच्या स्थितीनुसार बेरोजगारी ३.२ टक्के, आठवड्याच्या स्थितीनुसार ४.९. एकच पाहणी, तीच घरं. परदेशाशी तुलना करायची असेल तर आठवड्याचं माप घे, कारण जगात बहुतेक ठिकाणी 'गेल्या आठवड्यात काय केलं' असंच विचारतात.

आता व्याख्येच्याही पलीकडची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा सातारा जिल्ह्यात एका पाहणीच्या पथकाबरोबर गेले होते. ओसरीवर एक बाई शेंगा फोडत बसली होती. नव्या प्रगणक मुलाने विचारलं, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "म्या काय करतीय? घरीच असती की." मुलाने घरकामाचा संकेतांक लिहायला पेन टेकवलं. बरोबरच्या जुन्या प्रगणकांनी त्याचा हात थांबवला आणि ओसरीवर बसत विचारलं, "आज सकाळपासनं काय काय केलंत?" बाई सांगू लागली. पहाटे उठले, शेणघाण काढली, दोन म्हशींची धार काढली, डेअरीला दूध घालून आले, जनावरांना वैरण टाकली. दूध डेअरीला घातलं म्हणजे विकलं. म्हणजे काम. एका जादा प्रश्नाने ती बाई श्रमशक्तीच्या बाहेरून आत आली. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर स्त्रियांच्या कामाचा कोणताही आकडा मला त्या ओसरीशिवाय वाचता आला नाही.

आपल्या पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. यात किती खरा बदल, किती घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायका आता नीट नोंदल्या गेल्याचा, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. त्या वादात उतरायचं असेल तर प्रश्नावली आणि प्रगणकांना दिलेल्या सूचनांची पुस्तिका, दोन्ही उतरवून घे. बहुतेक देश ती संकेतस्थळावर ठेवतात. आयएलओच्या आणि जागतिक बँकेच्या पाहण्यांच्या संग्रहातही मिळतात.

छेदात काय आहे ते बघ

२०१३ मध्ये स्पेनमधली तरुणांची बेरोजगारी निम्म्याहून अधिक होती. वर्तमानपत्रांनी लिहिलं, दर दोन तरुणांतला एक रिकामा. हे चूक होतं. बेरोजगारीच्या दराच्या छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे येतात. कॉलेजात शिकणारी मुलं त्या छेदात नसतातच. त्या वयोगटातल्या सगळ्या तरुणांनी भागलं, तर बेरोजगार साधारण पंचमांश निघत होते. ते संकटही मोठंच होतं, पण वेगळं होतं. म्हणून तरुणांबद्दल लिहिताना दरासोबत 'नीट' हे मापही बघ. शिक्षणात नाहीत, प्रशिक्षणात नाहीत, कामावरही नाहीत अशांचं सगळ्या तरुणांतलं प्रमाण म्हणजे नीट. आपल्याकडे घरी बसवलेल्या मुली दिसतात त्या याच मापात. बेरोजगारीच्या दरात त्या कुठेच नसतात.

मालिका कुठे तुटली ते शोध

वर्षावर्षाचे आकडे एका ओळीत छापले म्हणून ते एका मापाने मोजलेले असतात असं नाही. मध्येच व्याख्या, वय, नमुना किंवा पायाभूत वर्ष बदलतं. युरोस्टॅटच्या तक्त्यात आकड्याशेजारी बारीक 'बी' दिसला तर तिथे मालिका तुटली आहे, 'पी' म्हणजे तात्पुरता, 'यू' म्हणजे भरवशाचा नाही. एक्सेलमध्ये उतरवताना ही अक्षरं गाळायचा पर्याय असतो. तो घेऊ नकोस.

चीनचं बघ. जून २०२३ मध्ये तिथली शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्के जाहीर झाली. ऑगस्टमध्ये आकडा देणंच थांबवलं. जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला तेव्हा शिकणारी मुलं वगळून मोजलेला होता, डिसेंबरचा १४.९ टक्के. या दोन आकड्यांमध्ये रेघ ओढलीस तर ती रेघ काहीच सांगत नाही. ब्रिटनमध्ये श्रमशक्ती पाहणीला उत्तर देणारी माणसं इतकी कमी झाली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला त्या पाहणीचे आकडे देणं काही महिने थांबवावं लागलं. आपली पीएलएफएससुद्धा जानेवारी २०२५ पासून नव्या नमुना पद्धतीने होते आणि त्यानंतर मासिक आकडे येऊ लागले. जुन्या आणि नव्याची सांगड घालताना तिथे उभी रेघ मार आणि वाचकाला ती दिसू दे.

एवढं सावध राहायला मी कशी शिकले तेही सांगते. नव्वदच्या दशकात एका संशोधकाला मी लॅटिन अमेरिकेतल्या बेरोजगारीचे तक्ते आयएलओच्या वार्षिकातून झेरॉक्स करून दिले. जाडजूड ग्रंथ, इंग्रजी-फ्रेंच-स्पॅनिश तीन भाषांतले मथळे, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतल्या टिपा. झेरॉक्स करताना पान वर सरकलं आणि तळ कापला गेला. त्या टिपांत होतं, की अर्जेंटिनाचे आकडे फक्त शहरांचे आहेत. त्यांनी ते आख्ख्या देशाचे समजून दुसऱ्या देशांच्या आख्ख्या आकड्यांशी ताडले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांचं एक प्रकरण नव्याने करावं लागलं, सहा महिने गेले. चूक माझी होती. त्या दिवसापासून तळटीप नसलेला तक्ता मी कुणाच्या हातात दिला नाही, आणि तूही घेऊ नकोस.

पैशाचे आकडे घेताना

वाढीचा दर काढायचा तर त्या देशाच्या स्वतःच्या चलनात, स्थिर किंमतींना. डॉलरमध्ये काढलास तर विनिमय दराचे चढउतार त्यात शिरतात. दोन देशांच्या राहणीमानाची तुलना करायची तर क्रयशक्ती समानतेचे डॉलर घे. कर्ज किंवा आयात-निर्यात मोजायची तर बाजारभावाचे. क्रयशक्तीचे आकडेही दर काही वर्षांनी नव्याने मोजतात. २०२१ च्या फेरीचे निकाल मे २०२४ मध्ये आले. म्हणूनच जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा दिवसाला १.९० डॉलरवरून २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. गरिबीवर लिहिताना कोणत्या वर्षाचे डॉलर ते लिहिलंच पाहिजे.

कधी आकडा बरोबर असतो पण तो तुला हवं ते सांगत नसतो. आयर्लंडने २०१५ ची वाढ २६.३ टक्के जाहीर केली तेव्हा तिथल्या कामगाराचं वेतन त्या वेगाने वाढलं नव्हतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. आयर्लंडने मग स्वतःच राष्ट्रीय उत्पन्नाचं सुधारित माप सुरू केलं. तुझ्या नायजेरियाचा जीडीपी २०१४ मध्ये एका दिवसात ८९ टक्क्यांनी मोठा झाला, कारण पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० केलं आणि मोबाइल, सिनेमा असे मध्ये वाढलेले धंदे हिशोबात आले.

वर्षांचंही लक्षात ठेव. जागतिक बँकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात भारताचं २०२३ म्हणजे आपलं २०२३-२४. आणि मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे पाठ असलं तरी प्रत्येक तक्त्यावर एकदा बोटाने मोजून बघ. शून्याची चूक डोळ्याला दिसत नाही.

हाताखालची शिस्त

दोन फाइली जोडताना देशांच्या नावावर जोडू नकोस. एकीकडे 'कोरिया, रिपब्लिक' असतं, दुसरीकडे 'रिपब्लिक ऑफ कोरिया'. तुर्कीचं नाव २०२२ मध्ये बदललं. काँगो दोन आहेत. तीन अक्षरी संकेतांक वापर. नायजेरियाचा एनजीए, नायजरचा एनईआर, ऑस्ट्रियाचा एयूटी, ऑस्ट्रेलियाचा एयूएस.

जर्मन फाइलीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. ३,४ म्हणजे साडेतीनच्या जरा आत, चौतीस नव्हे. एक्सेल ते गुपचूप बदलतं. रिकामं घर म्हणजे शून्य नव्हे. जागतिक बँक दोन टिंबं देते, युरोस्टॅट विसर्ग. ती घरं रिकामीच ठेव.

उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, तिला हात लावायचा नाही. जे करायचं ते तिच्या प्रतीवर. फाइलीच्या नावात तारीख घाल, कारण आकडे मागाहून बदलतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये आदल्या मार्चपर्यंतच्या वर्षाच्या नोकऱ्यांचा आकडा प्राथमिक फेरतपासणीत ८ लाख १८ हजारांनी खाली आणला. पुढच्या फेब्रुवारीत ती घट पुन्हा कमी झाली. तुझ्या परीक्षकाने वर्षभराने तोच तक्ता उघडला तर त्याला वेगळं दिसेल. तू कोणत्या तारखेला, कोणत्या संग्रहातून, कोणत्या संकेतांकाची मालिका घेतलीस हे लिहिलेलं असेल तरच तुझं काम उभं राहील.

आकडा नसेल तेव्हा

कधी हवा तसा तक्ता कुठेच मिळत नाही. म्हणजे घरांची मूळ माहिती घेऊन तो स्वतः करायची वेळ आली. राष्ट्रीय नमुना पाहणीचे मूळ आकडे आता नाव नोंदवून मोफत मिळतात. मिनेसोटा विद्यापीठाचा आयपम्स हा संग्रह अनेक देशांच्या जनगणनांची माहिती एकसारख्या संकेतांकांत मांडून देतो. एखाद्या देशाने निर्यात नोंदवली नसेल तर ज्यांनी आयात केली त्यांच्या नोंदीतून बघता येतं. त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला पत्र लिही. नम्रपणे, नेमकं, एकच प्रश्न विचारून. मी अशी पुष्कळ पत्रं लिहिली आहेत आणि उत्तरं आली आहेत. ती माणसं आपल्या आकड्यांची कुणी काळजीने विचारपूस केली तर हरखतात. आणि कुणाकडेच नसेल तर 'उपलब्ध नाही' एवढं लिही. त्या दोन शब्दांनी प्रबंध कमी होत नाही.

आता तुझ्या प्रकरणाबद्दल. ते फाडू नकोस. नायजेरियाचा तोच नवा अहवाल पुढे वाच. त्यातच लिहिलं आहे, की काम करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं आठवड्याला चाळीस तासांपेक्षा कमी काम करतात आणि दहातल्या नऊहून जास्त जणांचं काम अनौपचारिक आहे. जिथे बेकारभत्ता नाही तिथे गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो काहीतरी विकतो, काहीतरी उचलतो, दोन तास का होईना हात चालवतो. ५.३ टक्के हा आकडा त्या माणसांबद्दल फार थोडं सांगतो आणि त्यांचे तास आणि मोबदला पुष्कळ सांगतात. तुझं प्रकरण यावर लिही. दोन वर्षांत कमाल झाली असं लिहिण्यापेक्षा ते अवघड जाईल, पण त्यात ती माणसं असतील.

येत्या रविवारी ये तेव्हा वहीतलं पाच गोष्टींचं पान आणि नायजेरियाची मूळ प्रश्नावली, दोन्ही घेऊन ये. जेवणं झाली की टेबलावर पसरून एकेक प्रश्न वाचू.